व्हेगसची प्रायव्हेट बुलेट ट्रेन: गाडी धावेलही, पण कंपनीचं काय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सदर्न कॅलिफोर्नियात राहता, रँचो कुकामोंगा स्टेशनजवळ एक टाउनहोम बघून आलात, एजंट सांगतोय की लास व्हेगसची ब्राइटलाइन वेस्ट सुरू झाली की इथले भाव कुठल्या कुठे जातील, आणि वर ऑफिसातल्या एकाने सांगितलंय की त्याच कंपनीचे टॅक्स-फ्री बॉण्ड घे, व्याज झकास आहे. तुमचं म्हणणं असं की कॅलिफोर्नियाची सरकारी हायस्पीड रेल रखडली ती सरकारी म्हणून, ही प्रायव्हेट आहे म्हणजे वेळेत आणि बजेटमध्ये होईल. तर होईल का, असा प्रश्न.

मी बरीच वर्षं याच धंद्यात आहे. रेल्वे आणि टोल रोडला कर्ज देणाऱ्या बँकांच्या बाजूने बसायचं आणि कंपनीने दिलेला प्रवासी अंदाज आणि खर्चाचा अंदाज तपासायचा, हे माझं काम. ब्राइटलाइनच्या कुठल्याच कामात मी नव्हतो, त्यामुळे आतली खबर वगैरे काही नाही, जे पब्लिकमध्ये आहे त्यावरूनच बोलतोय. आणि हो, हा काही गुंतवणुकीचा सल्ला नाही.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही एकात तीन प्रश्न विचारलेत. गाडी धावेल का, कंपनी तगेल का, आणि तुमच्या घराला फायदा होईल का. या तिघांची उत्तरं वेगळी आहेत आणि एजंट लोक मुद्दाम ती एकत्र कालवतात. प्रायव्हेट हायस्पीडचा आजवरचा जगातला इतिहास बघितला तर बऱ्याचदा असं झालंय की लाइन उभी राहते, गाडी छान पळते, लोक खुश असतात, आणि ज्याने आधी पैसे घातले तो मात्र बुडालेला असतो. म्हणून मी आधी पैशाचं बोलतो, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

या प्रोजेक्टच्या जमेच्या बाजू खरंच भक्कम आहेत, त्या नाकारायच्या नाहीत. व्हेगस ते रँचो कुकामोंगा २१८ मैल, म्हणजे साधारण ३५० किलोमीटर, आणि यातला बहुतेक भाग आय-१५ हायवेच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यातून जातो. म्हणजे जमीन संपादन जवळजवळ नाहीच. हे किती मोठं आहे ते कळायला टेक्सासकडे बघा. डॅलस ते ह्यूस्टन २४० मैल, दीड तासाचा प्रवास, जपानची एन७०० शिंकानसेन, मार्केट तगडं, दोन्ही शहरांत आपली मंडळीही भरपूर, कागदावर यापेक्षा चांगला कॉरिडॉर अमेरिकेत शोधून सापडणार नाही. पण मधे सगळी शेतकऱ्यांची आणि रँचवाल्यांची जमीन. ती सक्तीने घेण्याचा हक्क एका प्रायव्हेट कंपनीला आहे का यावर वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली. जून २०२२ मध्ये टेक्सास सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ३ असा कंपनीच्या बाजूने निकाल दिला, आणि गंमत म्हणजे तोपर्यंत सीईओ सोडून गेलेला, बोर्ड विसर्जित झालेलं. केस जिंकली पण जिंकायला घरात कोणी उरलंच नव्हतं. पुढे २०२३ मध्ये ॲमट्रॅक ही अमेरिकेची सरकारी प्रवासी रेल्वे कंपनी त्यात आली, एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने ६.४ कोटी डॉलरची ग्रँटही काढून घेतली. तिथे अजून रुळाचा तुकडा पडलेला नाही. हा ताप ब्राइटलाइन वेस्टला नाही, त्यामुळे टेक्सासवरून याचा अंदाज बांधू नका.

दुसरी जमेची बाजू मार्केट. व्हेगसला वर्षाला चार कोटीच्या आसपास लोक येतात आणि त्यातला मोठा हिस्सा सदर्न कॅलिफोर्नियातून, बहुतेक गाडीने. रविवारी दुपारी व्हेगसहून परत निघून राज्याच्या सीमेवरच्या प्रिम गावाच्या अलीकडे अडकलेल्या माणसाला विचारा ट्रेन हवी का, तो तिथेच पैसे काढून देईल. अंतरही असं आहे की विमानाला जवळ आणि गाडीला लांब, हायस्पीडला नेमकं असंच अंतर लागतं.

मग अडचण कुठे? अडचण खर्चाच्या आकड्यात आणि त्याहून जास्त व्याजाच्या दरात.

एप्रिल २०२४ मध्ये भूमिपूजन झालं तेव्हा खर्च सांगत होते १२ बिलियन डॉलर (एक बिलियन म्हणजे शंभर कोटी). पुढे १६ झाला. २०२५ मध्ये २१.५ बिलियन झाला आणि सुरू व्हायची तारीख २०२८ च्या ऑलिंपिकवरून २०२९ वर गेली. यातले ३ बिलियन केंद्राची ग्रँट, ती डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेली. वाढीव खर्चासाठी कंपनीने केंद्राकडे आणखी ६ बिलियनचं कर्ज मागितलं. म्हणजे 'प्रायव्हेट' या शब्दाचा अर्थ इथे काय घ्यायचा ते तुम्हीच ठरवा.

आता एक ढोबळ हिशेब करू, मी नवीन प्रोजेक्ट हातात आला की पहिल्या तासात हाच करतो, पाठीमागच्या पाचशे पानांच्या रिपोर्टला नंतर हात लावतो. ग्रँट वजा जाता साडेअठरा बिलियन उरतात. समजा त्यातले १५ बिलियन कर्ज आहे आणि दर सरासरी ८ टक्के धरला (काही कर्ज स्वस्त असेल, काही महाग, हा माझा ठोकताळा आहे, कंपनीचा आकडा नाही). वर्षाचं नुसतं व्याज १.२ बिलियन. समजा वर्षाला ८० लाख प्रवासी, एका बाजूचे. भागाकार केला की माणशी एका फेरीमागे १५० डॉलर फक्त व्याजाचे. अजून ड्रायव्हरचा पगार नाही, वीज नाही, डब्यांची देखभाल नाही, मुद्दल तर नाहीच नाही. चौघांचं कुटुंब जाऊन येऊन १२०० डॉलर व्याज भरणार, आणि मग तिकिटाचा बाकी खर्च. तेच कुटुंब गाडीत पेट्रोल टाकून जाईल तर? कर्जातले काही बिलियन केंद्राच्या स्वस्त दराने मिळाले, मालकांनी स्वतःचं भांडवल जास्त घातलं, प्रवासी एक कोटीच्या वर गेले, तर चित्र बदलतं हे खरं. पण भांडवल घालणाराही फुकट घालत नाही, त्याला कर्जवाल्यापेक्षा जास्त परतावा हवा असतो.

याच्या शेजारी मुंबई-अहमदाबाद ठेवून बघा. ५०८ किलोमीटर, मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटी, त्यातले ८१ टक्के जपानकडून ०.१ टक्का व्याजाने, ५० वर्षांसाठी, पहिली १५ वर्षं परतफेड नाही. वरच्या हिशेबात ८ च्या जागी ०.१ घाला, १५० डॉलरचे दोन डॉलरसुद्धा होत नाहीत. त्या प्रोजेक्टलाही उशीर झाला, जमिनीवरून पालघर जिल्ह्यात काय काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, पण उशिरामुळे तो बुडत नाही, कारण मीटर जवळजवळ बंद आहे. प्रायव्हेट प्रोजेक्टचं मीटर मात्र पहिल्या दिवसापासून पळतं. सगळं कर्ज उचलून झाल्यावर एक वर्ष उशीर म्हणजे वरच्या हिशेबाने आणखी सव्वा बिलियन डोक्यावर, आणि त्या वर्षात तिकिटाचा एक डॉलरही येत नाही. त्यामुळे 'प्रायव्हेट म्हणून वेळेत होईल' हे मला कधी पटलेलं नाही. वेळेत व्हायची गरज त्यांना जास्त असते एवढंच. ते होतंच असं नाही.

हा प्रोजेक्टही तसा कालपरवाचा नाही. २००५ च्या सुमाराला डेझर्टएक्सप्रेस नावाने निघाला, मग एक्सप्रेसवेस्ट झाला, केंद्राकडे साडेपाच बिलियनचं कर्ज मागितलं ते २०१३ मध्ये अडकलं, मग २०१५ मध्ये चिनी रेल्वे कंपनीबरोबर भागीदारी झाली ती वर्षभरात मोडली, आणि २०१८ मध्ये ब्राइटलाइनवाल्यांनी तो विकत घेतला. सरकारी दिरंगाई म्हणून आपण शिव्या घालतो ती हीच की. फक्त इथे पेपरात ओरडायला विरोधी पक्ष नसतो.

आता प्रवासी अंदाज. माझा खरा प्रांत हा, त्यामुळे इथे जरा लांबण लागणार, सांभाळून घ्या.

रेल्वेचे प्रवासी अंदाज चुकतात, आणि चुकतात ते एकाच दिशेला. फ्लीउबियर्ग नावाच्या डॅनिश संशोधकाने जगभरचे प्रोजेक्ट तपासले होते त्यात रेल्वेला प्रत्यक्ष प्रवासी अंदाजाच्या सरासरी निम्मेच निघाले आणि खर्च सरासरी ४५ टक्के जास्त. कोणी खोटं लिहितं असं दरवेळी नसतं. एक किस्सा सांगतो, देश आणि कंपनी दोन्ही राहू द्या. एका प्रोजेक्टचा सर्व्हे रिपोर्ट आला, त्यात नव्याण्णवच्या आसपास टक्के गाडीवाले म्हणत होते की आम्ही ट्रेनने जाऊ. इतकं एकमत तर घरातल्या चार माणसांतही होत नाही. म्हणून मूळ फॉर्म मागवले. फॉर्मच्या कोपऱ्यात तारीख, वेळ आणि जागा लिहिलेली असते ती कोणी वाचत नाही. बहुतेक फॉर्म शुक्रवारी संध्याकाळचे, आणि हायवेवरच्या एकाच पेट्रोल पंपावरचे, तोही ट्रॅफिक जॅम सुटतो तिथला. दोन तास अडकून बाहेर पडलेल्या माणसाला विचारताय ट्रेन आवडेल का! मंगळवारी सकाळी विचारा त्यालाच. आम्ही तो सर्व्हे परत करायला लावला, आणि आकडा बराच खाली आला.

व्हेगसच्या बाबतीत हा शुक्रवार-रविवारचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आणि बातम्यांमध्ये तो कधी दिसत नाही. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना व्हेगसला जायचंय, परतीच्या गाड्या रिकाम्या. रविवारी उलट. मंगळवार-बुधवारी दोन्हीकडे तुरळक, कन्व्हेन्शन असेल तर बरं. म्हणजे गाड्या विकत घ्यायच्या शुक्रवारच्या गर्दीला पुरतील एवढ्या, आणि त्या आठवडाभर अर्ध्या रिकाम्या पळवायच्या. त्यात ही लाइन बरीचशी सिंगल ट्रॅक आहे, समोरासमोरच्या गाड्या ठरावीक ठिकाणीच एकमेकींना पास होणार, त्यामुळे शुक्रवारी वाटेल तेवढ्या जादा गाड्या सोडता येत नाहीत. कोकण रेल्वेने गणपतीत गेलेल्या माणसाला क्रॉसिंगला थांबणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. टोकियो-ओसाका लाइन सोन्याची खाण का, तर तिथे सोमवार ते शुक्रवार ऑफिसचे लोक कंपनीच्या पैशाने तिकीट काढतात, दोन्ही दिशांना, सकाळ-संध्याकाळ. मजा करायला जाणारा प्रवासी स्वतःच्या खिशातून देतो आणि तारीखही सगळे एकच निवडतात.

शिवाय मौजेला जाणारे एकटे जात नाहीत. मॉडेलमध्ये बऱ्याचदा 'दर माणशी गाडीचा खर्च' अशी ओळ असते, आणि मी पहिल्यांदा तीच ओळ शोधतो, कारण तिथे गाडीत किती माणसं धरलीत यावर सगळा खेळ असतो. एकटा माणूस असेल तर ट्रेन सहज जिंकते. तिघे-चौघे मित्र असतील तर पेट्रोल वाटून घेतात आणि ट्रेनला चार तिकिटं लागतात. हॉटेलवाले हल्ली पार्किंगचे पैसे घेतात त्याचा थोडा फायदा ट्रेनला होईल, पण थोडाच.

आणि शेवटचा टप्पा. तुमचं स्टेशन रँचो कुकामोंगा, एलए म्हणजे लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनपासून साठेक किलोमीटर पूर्वेला. ट्रेन दोन तास दहा मिनिटांत व्हेगसला नेणार हे ठीक, पण सांता मोनिकाच्या माणसाने आधी रँचोपर्यंत यायचं म्हणजे एकतर पूर्ण एलए आडवं कापायचं नाहीतर डाउनटाउनमधल्या युनियन स्टेशनहून मेट्रोलिंकची लोकल पकडायची, तिला सव्वा तासाच्या आसपास लागतो. इतकं करून आलेला माणूस गाडीतच बसलेला असेल तर तो म्हणेल आता अर्धा रस्ता झालाच आहे, चल पुढे. म्हणजे प्रवासी खरे जिथून येणार तो भाग इनलँड एम्पायर आणि सॅन गॅब्रिएल व्हॅली, म्हणजे एलएच्या पूर्वेकडचा पट्टा, पूर्ण एलए नाही. कंपनीने असं का केलं ते समजतं, एलएच्या आत शिरायचं म्हटलं तर खर्च कुठे गेला असता सांगता येत नाही. व्यवहार म्हणून निर्णय बरोबर आहे, पण त्याची किंमत प्रवासी संख्येत मोजावी लागणार.

इथपर्यंतचा गोषवारा असा: जमीन सोपी, मार्केट आहे, पण व्याज महाग, गर्दी ठरावीक दिवशीची आणि स्टेशन शहराबाहेर.

आता याआधी काय काय झालं ते बघू, कारण नमुना तोच तोच आहे. तैवानमध्ये तैपेई ते झुओयिंग साधारण ३५० किलोमीटर, म्हणजे लांबी अगदी व्हेगसच्या लाइनएवढीच. ज्या गटाला काम मिळालं त्याने सांगितलं होतं की सरकारची गुंतवणूक शून्य, सगळं आम्ही करू. जानेवारी २००७ मध्ये सुरू झाली. गाडी उत्कृष्ट, वक्तशीर. पण सुरुवातीचे प्रवासी अंदाजाच्या निम्म्याच्याही खाली, आणि कर्ज डोंगराएवढं. रोजचं चालवणं फायद्यात होतं, व्याज आणि घसाऱ्याने मारलं. २००९ मध्ये सरकारने कारभार हातात घेतला, २०१५ मध्ये भांडवल कापलं, सरकारने नवीन पैसे घातले आणि ३५ वर्षांचा करार ७० वर्षांचा केला. आज ती लाइन वर्षाला सात कोटींपेक्षा जास्त लोक नेते आणि नफ्यात आहे. तर ती यशस्वी म्हणायची का? प्रवाशाला विचाराल तर शंभर टक्के. १९९८ च्या भागधारकाला विचाराल तर वेगळं ऐकायला मिळेल.

इंग्लंड-फ्रान्समधला चॅनल टनेलही तसाच. थॅचरबाईंचा आग्रह की सरकारी पैसा लागता कामा नये. खर्च ८० टक्के वाढला, १९९४ ला उघडला, त्यातून जाणाऱ्या युरोस्टार गाडीच्या प्रवाशांचा पहिल्या वर्षाचा अंदाज होता १ कोटी ५९ लाख आणि १९९५ ला निघाले २९ लाख. २००७ मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली, फ्रान्समधल्या लाखो छोट्या भागधारकांचे पैसे जवळपास गेले. बोगदा आजही आहे आणि आता कंपनी कमावतेही.

आणि जिथे प्रायव्हेटवाल्यांचं खरंच बरं चाललं तिथे रूळ दुसऱ्याच्या पैशाने घातलेले होते. इटलीत इटालो ही प्रायव्हेट कंपनी २०१२ पासून सरकारी हायस्पीड ट्रॅकवर स्वतःच्या गाड्या चालवते. सुरुवातीला तीही अडचणीत आली, पण ट्रॅकचं भाडं कमी झालं, कर्ज सावरलं, आणि २०१८ मध्ये दोन बिलियन युरोच्या आसपास किमतीला विकली गेली. जपानच्या जेआर सेंट्रल या रेल्वे कंपनीची चुओ मॅग्लेव्ह, म्हणजे चुंबकावर तरंगत धावणारी नवी लाइन, प्रायव्हेट म्हणतात ते खरं आहे, पण तिच्या मागे टोकियो-ओसाका लाइनचा रोजचा गल्ला आहे, आणि तरीसुद्धा २०१६ मध्ये सरकारकडून ३ ट्रिलियन येनचं स्वस्त कर्ज घ्यावं लागलं, आणि खर्च आता ११ ट्रिलियनवर गेलाय.

खरं तर हे आपल्याला नवीन नाही. बोरीबंदर-ठाणे १८५३ ला ज्या जीआयपी रेल्वेने सुरू केली ती लंडनची प्रायव्हेट कंपनीच होती, आणि तिचे शेअर विकले गेले ते ईस्ट इंडिया कंपनीने ५ टक्के परताव्याची हमी दिली म्हणून. गाडी रिकामी धावली तरी भागधारकाला ५ टक्के, फरक इथल्या महसुलातून. त्या हमीवर भोर घाट फोडला गेला, नाहीतर कुठला लंडनचा माणूस खंडाळ्यात पैसे टाकायला येतोय. शेवटी १९०० मध्ये सरकारने ती विकत घेतली. हमी कोण देणार हा प्रश्न तेव्हाही होता, आजही तोच आहे, फक्त आता हमी उघड देत नाहीत, ग्रँट आणि स्वस्त कर्ज म्हणतात.

ब्राइटलाइन वेस्टसाठी सगळ्यात जवळचा पुरावा म्हणजे तिची फ्लोरिडातली सख्खी बहीण. मायामी ते ऑरलँडो, सप्टेंबर २०२३ पासून पूर्ण सुरू. खर्च ६ बिलियनच्या आसपास, आणि मायामीकडचा बराचसा मार्ग शंभर वर्षांपूर्वीच्या रेल्वेचा तयार मिळालेला, वेग २०० किलोमीटर, डिझेल इंजिनं. म्हणजे व्हेगसपेक्षा कितीतरी सोपं काम. मी बसलोय त्यात, गाडी स्वच्छ, स्टेशनं सुंदर, बसल्यावर वाटतं अमेरिकेत आहोत की कुठे. २०२४ मध्ये साडेसत्तावीस लाखांच्या वर प्रवासी झाले. उत्पन्न सुमारे १८.८ कोटी डॉलर, तोटा सुमारे ५५ कोटी. प्रवासी वाढत होते, पण अंदाज कितीतरी मोठा होता. २०२५ च्या उन्हाळ्यात कंपनीने सव्वा बिलियनच्या आसपासच्या बॉण्डचं व्याज पुढे ढकललं आणि रेटिंग एजन्सींनी रेटिंग खाली आणलं. गाड्या मात्र चालूच होत्या. माझा मुद्दा तुमच्या लक्षात आला असेल.

तर व्हेगसचं माझं मत विचाराल तर, लाइन पूर्ण होण्याची शक्यता मला निम्म्यापेक्षा जास्त वाटते, कारण केंद्राचे ३ बिलियन, दोन राज्यं आणि व्हेगसची हॉटेल इंडस्ट्री एवढे जण एकदा गुंतले की अर्धवट सोडणं कोणालाच परवडत नाही. २०२९ ची तारीख मात्र मी धरून चालणार नाही. आणि आजच्या मालकांकडे, आजच्या कर्जाच्या अटींसकट, ती दहा वर्षं तशीच राहील यावर मी पैसे लावणार नाही. हे सगळं केंद्राचं कर्ज मिळतं का, आणि मिळालं तर कुठल्या दराने, यावर फार अवलंबून आहे. ते स्वस्तात मिळालं तर वरचं वाक्य मी बरंच मवाळ करेन.

बॉण्डचं आता स्पष्टच सांगतो. हे टॅक्स-फ्री बॉण्ड म्हणजे प्रायव्हेट ॲक्टिव्हिटी बॉण्ड. त्यावर कॅलिफोर्निया किंवा नेवाडाच्या सरकारी एजन्सीचं नाव छापलेलं असतं आणि लोक ते बघून निश्चिंत होतात. ती एजन्सी फक्त पोस्टमन आहे, पत्रातल्या मजकुराची जबाबदारी तिची नाही. पैसे फक्त कंपनीच्या कमाईतून परत मिळणार, राज्य एक डॉलर देणं लागत नाही. व्याज जास्त आहे ते कोणाचं मन मोठं म्हणून नाही, बाजाराला धोका दिसतोय म्हणून. शिवाय प्रश्न असा असतो की पुढे केंद्राचं मोठं कर्ज आलं तर परतफेडीच्या रांगेत तुम्ही कितव्या नंबरला, आणि ते ऑफरिंग डॉक्युमेंटमध्ये, म्हणजे बॉण्ड विकताना देतात त्या माहितीपत्रकात असतं, पान दोनशेच्या पुढे. ऑफिसातल्या मित्राने ते वाचलंय का विचारा. आणि एक तपासा: तुमच्याकडे हाय-यील्ड म्युनिसिपल फंड, म्हणजे असे जास्त व्याजाचे टॅक्स-फ्री बॉण्ड घेणारा फंड असेल तर हे बॉण्ड तुमच्याकडे आधीच असण्याची शक्यता आहे, फंडाची होल्डिंग लिस्ट उघडून बघा, वेगळे घ्यायची गरज उरणार नाही.

घराचं वेगळं. स्टेशनमुळे घराचा भाव वाढतो तो रोज वापरायच्या गाडीमुळे, नोकरीला नेणाऱ्या. व्हेगसला माणूस वर्षातून दोनदा-तीनदा जातो, तेवढ्यासाठी कोणी घराला पन्नास हजार जास्त देत नाही. स्टेशनजवळ हॉटेलं, रेस्टॉरंट, पार्किंग याला जास्त फायदा होईल, तुमच्या टाउनहोमला शुक्रवारी संध्याकाळचं ट्रॅफिक मिळेल, कारण अर्धं एलए तिथे गाडी लावायला येणार. रँचोला आज जो खरा फायदा आहे तो मेट्रोलिंकचा, आणि तो भाव आधीच धरलेला आहे. तुम्हाला किंवा बायकोला डाउनटाउनला ऑफिसला जावं लागत असेल तर त्या हिशेबाने घर घ्या, शाळा बघा, एचओए, म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स, किती ते बघा. व्हेगसच्या गाडीचे म्हणून एजंट वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका, आणि त्याने फारच ताणलं तर त्याला विचारा की २०२९ ला गाडी आली नाही तर कमिशन परत देणार का. एवढ्यात किंमत खाली येते असा माझा अनुभव आहे.